स्वयंपाकघराच्या नावावरची रेघ

प्रिय चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला मजकूर मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात विरामचिन्हे शोधली. ती सापडली नाहीत. दुसऱ्या वाचनात सत्य शोधले. तेही फारसे हाती लागले नाही. मामाच्या म्हणण्याप्रमाणे सूनबाईने रुग्णालयाचे नेटवर्क बिघडवले, ती घाबरून जिन्यांवरून सैरावैरा पळत सुटली, अखेर ‘भावोजींना बोलावणं गेलं’ आणि मी भर सभेत उठून एका नजरेत दोष हुडकला. या वृत्तान्ताने माझा गौरव होतो, हे मला कळते. निवृत्त माणसाला असा गौरव रोज मिळत नाही, हेही कळते. तरीसुद्धा तो वृत्तान्त असत्य आहे. शिवाय तो वाचून तू तिला ‘सोड ती नोकरी, इकडे निघून ये’ असे कळवलेस, त्यामुळे तो निरुपद्रवीही राहिलेला नाही. तुझा निरोप तिने तुझ्या आईला दाखवला आणि आईने मला सांगितला. म्हणून घडले ते क्रमाने लिहितो. फोन करणार होतो. पण फोनवर तू मध्येच बोलतोस.

आधी प्रकरण समजून घे. रुग्णालयातील प्रत्येक विभागाची केबल तळमजल्यावरील आमच्या खोलीत येते आणि तिथल्या स्विच नावाच्या पेटीवरील एकेका पोर्टमध्ये, म्हणजे खाचेत, बसते. (‘आमच्या’ हे सर्वनाम निवृत्तीनंतर मला लागू होत नाही, याची जाणीव आहे. ते मी बदलणार नाही.) कोणत्या केबलवरून किती माहिती ये-जा करते, हे मोजणारी एक प्रणाली तेथे भिंतीवरच्या पडद्यावर अहोरात्र चालू असते. तू पूल बांधतोस, तेव्हा तुझ्या परिभाषेत सांगायचे तर पुलाच्या तोंडाशी बसून गाड्या मोजणारा हा माणूस. गाड्या तो चालवीत नाही. परंतु एखाद्या रस्त्यावर फार गर्दी झालीच, तर त्या रस्त्याला आवर घालण्याचा अडसर त्याच्या हाताशी असतो. पडद्यावर प्रत्येक विभागाच्या नावापुढे एक रेघ धावते: नोंदणी, प्रयोगशाळा, एक्स-रे, स्वयंपाकघर आणि नंतर इतर सगळे. रेघ उंच गेली की वर्दळ वाढली, सपाट झाली की थांबली. एवढे समजले की पुढचे सारे समजेल.

या प्रणालीची नवी आवृत्ती बसवायचे व्यवस्थापनाने ठरवले. खोलीची प्रभारी म्हणून सूनबाईने आधीच लेखी सुचवले होते की, निदान पहिला आठवडा जुनी आवृत्ती शेजारी चालू ठेवावी. ते कोणी मनावर घेतले नाही. पुरवठादाराकडून एक अभियंता आला. यंत्रांच्या उकाड्यातसुद्धा गळ्यातली टाय तसूभरही सैल न करणारा हा गृहस्थ. खोलीतल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव ‘टायसाहेब’ ठेवले. माणूस वाईट नाही, हुशारही आहे. मात्र त्याला शंका येत नाहीत, आणि आमच्या धंद्यात तो मोठा दोष समजला जातो. नवी आवृत्ती बसली, पडदा उजळला, रंग तर फारच सुरेख आले. आणि नोंदणीची रेघ मेली. नोंदणीच्या खिडकीसमोर माणसांची रांग आहे, कारकुनांची बोटे चालू आहेत, चिठ्ठ्या निघत आहेत, आणि पडद्यावर मात्र त्या विभागात जणू सुटी. याउलट स्वयंपाकघराची रेघ छताला टेकलेली.

टायसाहेबांनी दोन्ही तक्रारींची दोन उत्तरे दिली. नोंदणीचे संगणक जुनाट आहेत, ते नव्या प्रणालीला दाद देत नाहीत, हे एक. स्वयंपाकघरातली मंडळी कामाच्या वेळात चित्रपट पाहतात, हे दुसरे. हे दुसरे उत्तर स्वयंपाकघराच्या प्रमुख मावशींच्या कानावर गेले. मावशींना सगळे रुग्णालय वचकून असते. शल्यचिकित्सकसुद्धा त्यांच्यासमोर ताट पूर्ण संपवतात. त्या कमरेला फडके खोचलेल्या अवस्थेत तडक खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “माझ्याकडे कॉम्प्युटर एक, त्यावर पथ्याची यादी. मी पिक्चर बघत बसले तर अख्खा दवाखाना उपाशी झोपेल. कुठला पिक्चर बघितला तेवढं सांगा, म्हणजे मलाही कळेल.” टायसाहेब हसले आणि आकडे कधी खोटे बोलत नाहीत, असे त्यांनी मावशींना ऐकवले. मग प्रणालीतून त्यांनी स्वयंपाकघराच्या नावावरचा अडसर खाली ओढला. रेघ धाडकन उतरली. टायसाहेबांना वाटले, चोर सापडला.

त्याच दिवशी दुपारपासून एक्स-रे विभागाची चित्रे अडखळू लागली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस झोपलेला, त्याच्या बरगड्यांचे चित्र तळमजल्यावर तयार, आणि ते दोन मजले चढून यायला तयार नाही. एक्स-रेच्या डॉक्टरांचा पारा चढला. पण पडद्यावर पाहावे तर एक्स-रेच्या नावापुढची रेघ निवांत, जेमतेम हलणारी. टायसाहेबांनी यातून असा निष्कर्ष काढला की रस्ता मोकळा आहे, त्या अर्थी दोष प्रणालीत नसून केबलमध्ये आहे. आणि केबल ही सूनबाईची जबाबदारी. त्यांनी तसा अहवाल दिला. त्यात पुढे अशी शिफारस होती की, संपूर्ण खोली पुरवठादाराच्या ताब्यात द्यावी आणि ‘सध्याच्या प्रभारी व्यक्तीस’ अन्यत्र सामावून घ्यावे. संचालकांनी सोमवारी सकाळी त्याच खोलीत सभा ठेवली. थोडक्यात, सोमवारी दुपारपर्यंत सूनबाईची खोली जाणार, हे जवळजवळ निश्चित झाले होते.

आता जिन्यांविषयी. अडसर उठवण्याचा पासवर्ड टायसाहेबांकडे होता. हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत तो सूनबाईला मिळणार नव्हता, आणि तिने फोन केला तेव्हा सोमवारी बोलू, असे उत्तर मिळाले. तोवर रुग्णांनी थांबायचे काय? तिने चित्रे डिस्कवर उतरवून स्वतः वर पोचवायला सुरुवात केली. खोलीतल्या दोघांच्या पाळ्या लावल्या आणि तिसरी पाळी स्वतःकडे घेतली. शनिवारी तुझा मामा गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेला होता. त्याने तिला जिना चढताना पाहिले आणि ‘सैरावैरा’ हे क्रियाविशेषण तिथे चिकटवले. वस्तुतः ती अत्यंत दिशा ठरवून पळत होती. त्या काळात एकही शस्त्रक्रिया चित्रावाचून खोळंबली नाही. मामाचा गुडघासुद्धा वेळेवर वर पोचला.

तू विचारशील की बाबा, हे सर्व चालू असताना तुम्ही काय करीत होता? काहीही नाही, कारण मला काहीही माहीत नव्हते. सूनबाई त्या खोलीत रुजू झाली, तेव्हा तिनेच एक नियम घालून घेतला होता: कार्यालयाचा विषय घरी काढायचा नाही. सासऱ्याने घरबसल्या खोली चालवली, असे कोणी म्हणू नये म्हणून. तो नियम आम्ही दोघांनी कसोशीने पाळला. त्या आठवड्यात ती पानावर बसून घास चिवडते आहे हे मला दिसत होते. तुझी आई मला टेबलाखालून पायाने ढोसत होती. मी हवापाण्यावर बोललो. इतका वेळ हवापाण्यावर मी आयुष्यात बोललो नसेन.

रविवारी दुपारी जेवताना तिने नियम मोडला. पाण्याचा पेला हातात तसाच धरून तिने विचारले, “बाबा, स्विचचा पहिला पोर्ट तुम्ही रिकामा का ठेवलात?” मी घास खाली ठेवला. त्या खोलीची ती माझी जुनी शिस्त होती. पहिला पोर्ट कोणालाही द्यायचा नाही. एखादी केबल कुरकुर करू लागली की ती काढून पहिल्यात लावून पाहायची. तिथे चालली तर दोष पोर्टचा, नाही चालली तर केबलचा. घरात एखादी खुर्ची पाहुण्यासाठी मोकळी ठेवतात, तसे ते. माझ्या वेळी खोलीत हे सर्वांना ठाऊक होते. मी गेल्यावर शिस्त राहिली आणि तिचे कारण तेवढे विसरले गेले. तो पोर्ट बिघडलेला असावा, अशी नव्या मंडळींची समजूत झाली. मी तिला हे सांगितले आणि पुढे हेही सांगितले की, याच कारणासाठी जुन्या प्रणालीत मी एक सूचना हाताने लिहून ठेवली होती: विभागांची नावे दुसऱ्या पोर्टपासून सुरू करावीत. सूनबाईने पेला खाली ठेवला. “मग झालं,” ती म्हणाली, आणि त्या आठवड्यात प्रथमच तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तिने शनिवारीच काय केले होते, ते मला तेव्हा कळले. ती मावशींना घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या एकमेव संगणकाची केबल तिने मावशींच्या हातून उपटवली. मग खोलीत फोन करून विचारले, रेघ पडली का? रेघ ठणठणीत चालू. नळ बंद केल्यावरही पाणी येतच राहिले, तर ते पाणी त्या नळाचे नसते, एवढे तर उघड आहे. त्या क्षणी तिच्या लक्षात आले की नोंदणीची मेलेली रेघ आणि स्वयंपाकघराची माजलेली रेघ हे दोन आजार नसून एकच आहे. नव्या आवृत्तीने माझी हाताने लिहिलेली सूचना टाकून दिली होती आणि नावे पहिल्या पोर्टपासून वाटली होती. त्यामुळे प्रत्येक नाव एकेक घर मागे सरकले. नोंदणीच्या नावावर आला रिकामा पोर्ट. प्रयोगशाळेच्या नावावर आली नोंदणी, एक्स-रेच्या नावावर प्रयोगशाळा. आणि स्वयंपाकघराच्या नावावर जी छतापर्यंत धावत होती, ती एक्स-रेची चित्रे होती. टायसाहेबांनी मावशींचे चित्रपट बंद केले नव्हते. त्यांनी डॉक्टरांच्या हातातून छातीची चित्रे काढून घेतली होती. नावे सरकली आहेत हे तिने एकटीने शोधले. ती का सरकली, एवढाच दुवा तिला हवा होता. तो मी दिला. माझ्या कर्तबगारीचा पहिला अर्धा भाग इथे संपला.

दुसरा अर्धा भाग अधिक अवघड होता. संचालकांचे मला बोलावणे आले होते, हे मामाने बरोबर लिहिले आहे. मात्र ते ‘वाचवायला या’ म्हणून नव्हते. खोली मी उभी केली होती, म्हणून टायसाहेबांच्या अहवालावर माझे मत हवे होते. स्पष्टच लिहितो: सुनेच्या विरोधात सासऱ्यानेच मान डोलावली, तर पुढचे सोपे जाईल, असा तो हिशोब होता. भात संपवून सूनबाई मला म्हणाली, “उद्या तुम्ही या. पण मी बोलेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.” एवढे आयुष्य मी इतरांची वाक्ये दुरुस्त करण्यात घालवले आहे. मला गप्प बसायला सांगणे म्हणजे काय, हे तुला वेगळे सांगायला नको. तुझी आई तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

सभेत संचालकांनी प्रथम मलाच विचारले. मी म्हणालो, माझे मत सूनबाईंच्या नंतर. एवढे बोलून मी तोंड मिटले. टायसाहेबांनी अहवाल वाचला. त्यात ‘परिणामतः’ हा शब्द जिथे तिथे पेरलेला होता आणि मी एकदाही हरकत घेतली नाही, याची नोंद घ्यावी. मग सूनबाई पुढे आली. तिने पडद्याकडे तोंड केले, फोन लावला आणि मावशींना केबल काढायला सांगितली. सर्वांनी पाहिले. स्वयंपाकघराची रेघ होती तशीच. टायसाहेब म्हणाले की, आकडे पोचायला उशीर लागत असेल. ती थांबली, घाई केली नाही. रेघ तशीच. मग तिने एक्स-रेच्या डॉक्टरांना, जे तिथेच हाताची घडी घालून बसले होते, आपल्या विभागाला चित्रे पाठवणे क्षणभर थांबवायला सांगा, अशी विनंती केली. त्यांनी फोन केला. आणि स्वयंपाकघराच्या नावावरची रेघ सपाट झाली. डॉक्टरांनी पुन्हा चालू करा म्हणून सांगितले, आणि रेघ उठून बसली.

टायसाहेबांनी योगायोगाची भाषा काढली. सूनबाई त्यांच्याकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, “तुम्ही म्हणता ते खरंय, आकडे खोटं बोलत नाहीत. नावं चुकीची लागलीत. पासवर्ड द्या, मी लावून दाखवते.” संचालकांनी टायसाहेबांकडे पाहिले. पासवर्ड मिळाला. तिने तीच एक सूचना पुन्हा लिहिली आणि अडसर वर उचलला. पडद्यावरची सगळी नावे एकेक घर पुढे सरकली. नोंदणीची रेघ जागी झाली, स्वयंपाकघराची रेघ पथ्याच्या यादीइतकी बारीक झाली, आणि एक्स-रेची जी उसळली ती थेट छताकडे. डॉक्टरांचा फोन वाजला. वरून कोणीतरी सांगत होते की चित्रे धडाधड यायला लागली. पहिली टाळी डॉक्टरांनी वाजवली.

टाळ्या चालू असताना संचालकांनी सूनबाईला बसायला सांगितले. इतका वेळ ती उभीच होती, कारण सभेत तिच्यासाठी खुर्ची मांडायचे कोणाला सुचले नव्हते. तेव्हा मी उठलो आणि माझी खुर्ची तिला दिली. तुझा मामा गुडघ्याचा निकाल घ्यायला आला होता आणि काचेच्या दारातून आत डोकावत होता. त्याला दिसले ते एवढेच: भावोजी सभेच्या मध्यभागी उभे आहेत आणि लोक टाळ्या वाजवीत आहेत. बाकी सर्व त्याने घरी जाऊन रचले. संचालकांनी मग माझे मत विचारलेच. मी म्हणालो, माझ्याकडे जोडण्यासारखे काही उरलेले नाही. हे वाक्य मी यापूर्वी कधी उच्चारले असेल, असे मला स्मरत नाही.

मावशींनी टायसाहेबांना सोडले नाही. जिन्यात गाठून त्यांनी चित्रपटाचे नाव पुन्हा विचारले. टायसाहेबांनी सरळ माफी मागितली, आणि मला त्यांचा आदर वाटू लागला तो तेव्हा. मावशींनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बसवले, टाय सोडायला लावली आणि पोटभर जेवू घातले. जाताना त्यांनी आपला अहवाल स्वतः मागे घेतला आणि सूनबाईकडून तिच्या तपासणीची पद्धत लिहून घेतली. आता ते ती इतर ठिकाणीही वापरणार आहेत. पहिला पोर्ट सूनबाईने रिकामाच ठेवला आहे. फक्त आता त्यालाही पडद्यावर नाव आहे: ‘पाहुणा’. नाव तिने ठेवले, शुद्ध आहे. त्या संध्याकाळी घरचा नियम आम्ही सर्वानुमते रद्द केला. ती बोलत होती, हातवारे करीत होती, टायसाहेबांच्या चालीची नक्कल करीत होती, आणि तुझी आई व मी दोन पोरांसारखे ऐकत बसलो होतो. या घरात इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तू तेवढा नव्हतास.

आता हे पत्र का लिहिले, ते सांगतो. मामा हे निमित्त झाले. बुधवारी संचालकांनी सूनबाईला बोलावून त्या खोलीचे प्रमुखपद देऊ केले. प्रभारी म्हणून नव्हे, कायम. ज्या पदावरून मी निवृत्त झालो, तेच. तिने विचार करायला मुदत मागून घेतली. हे तिने तुझ्या आईला सांगितले, मला सांगितले, आणि तुला सांगितले नाही. कारण तुझा ‘सोड ती नोकरी’ हा निरोप आदल्याच दिवशी आला होता, आणि त्यावर ही बातमी कळवणे म्हणजे उलट उत्तर देणे ठरेल, असे तिला वाटते. ती बातमी लपवीत नाही. तू काय घडले ते विचारशील, याची वाट पाहते आहे. तू अजून विचारलेले नाहीस. तू तो निरोप मायेपोटी लिहिलास, तिला त्रास होऊ नये म्हणून लिहिलास, याबद्दल मला शंका नाही. पण तो एका हरलेल्या बाईला लिहिलेला आहे, आणि अशी बाई आमच्या घरात राहत नाही. तिने पद घ्यावे की तुझ्याकडे यावे, हे तुम्ही दोघे ठरवा. मी त्यात पडणार नाही. ती तुझ्याकडे निघाली, तर तिचे सामान मी स्वतः उचलीन. मात्र ती काय सोडून येते आहे, हे तुला आधी माहीत असले पाहिजे. तिला फोन कर. काय झाले, एवढेच विचार, आणि ती थांबेपर्यंत मध्ये बोलू नकोस. ते जमते, असे मी अनुभवाने सांगतो. मी तुला हे कळवले म्हणून ती माझ्यावर रागावेल. ते मी बघून घेईन.

तुझाच, आणि या प्रकरणापुरता आधी तिचा,

बाबा

ता. क. मामाने सर्व घटना एकाच दिवसात कोंबल्या आहेत. दुरुस्त तारखा पुढीलप्रमाणे. सर्व चालू महिन्याच्या.

३, सोमवार: नवी आवृत्ती बसवली. मामा म्हणतो, सूनबाईने. बसवली टायसाहेबांनी.

६, गुरुवार: स्वयंपाकघराच्या नावावरचा अडसर ओढला. नेटवर्क ‘बिघडले’ असे म्हणायचेच असेल, तर ते या दिवशी, आणि तिच्या हातून नव्हे.

८, शनिवार: मामाच्या गुडघ्याचा एक्स-रे. याच दिवशी सूनबाईने दोष शोधला. मामाने तो शोध सोमवारी माझ्या नावावर लावला आहे.

९, रविवार: माझे योगदान. अवधी, एक घास.

१०, सोमवार: सभा. मामाचा मजकूर त्याच संध्याकाळचा.

११, मंगळवार: तुझा निरोप.

१२, बुधवार: प्रमुखपदाचा प्रस्ताव.

२४, सोमवार: तिने उत्तर द्यायचा दिवस. ही तारीख मामाने चुकवलेली नाही, कारण ती त्याला ठाऊकच नाही. तुला आता आहे.